सेफॅलोस्पोरिनचा तक्ता आणि त्यातला गाळलेला रकाना

बारावीनंतर आपल्या वर्गातल्या कितीतरी मुली, आणि आता काही मुलगेही, परिचर्येच्या म्हणजे नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला जातात. पुण्यात अशी विद्यालये पुष्कळ आहेत. तिथे त्यांना औषधशास्त्र शिकावे लागते. त्यात प्रतिजैविकांचे प्रकरण असते आणि पेनिसिलिनच्या पाठोपाठ ‘सेफॅलोस्पोरिन’ या गटाचा पाठ येतो. आमचे काम प्रयोगशाळेतले, रुग्णालयातले नव्हे. तरीही या विद्यार्थिनींच्या टिपणवह्या आणि त्या ज्यांवरून उतरवल्या जातात ती पुस्तके आम्ही गेल्या काही वर्षांत लक्षपूर्वक पाहिली. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या दोन्ही विषयांत शाळेने जे शिकवले त्याचा उपयोग नेमका या पाठात व्हायला हवा होता. तो का होत नाही, हे तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

हा पाठ बहुतेक ठिकाणी एका तक्त्याच्या रूपात भेटतो. पहिल्या रकान्यात ‘पिढी’, दुसऱ्यात औषधांची नावे, तिसऱ्यात ती कोणत्या जीवाणूंवर चालतात, चौथ्यात दुष्परिणाम आणि शेवटी ‘परिचारिकेची कर्तव्ये’. तक्त्यातली बहुतेक विधाने बरोबर आहेत, हे आधीच सांगून टाकू. आमची तक्रार चुकीच्या माहितीबद्दल फारशी नाही. तक्त्यात एक रकाना असायला हवा होता आणि तो गाळला गेला आहे, ही आमची तक्रार आहे. त्या रकान्याचे नाव ‘का?’. तो नसल्यामुळे पाठांतर होते, परीक्षा पार पडते आणि ज्या वेळी डोके चालवायची गरज पडते त्या वेळी हाती काही उरत नाही.

सांडपाण्यातून आलेले औषध

आधी या औषधांचा जन्म पाहू, कारण पाठात तो एका ओळीत उरकलेला असतो. १९४५ साली इटलीतील सार्डिनिया बेटावर, कालियारी शहरात, जुझेप्पे ब्रोत्झू या प्राध्यापकांनी समुद्रात जिथे शहराचे सांडपाणी सोडले जाई तिथले पाणी तपासले. त्यातून त्यांना एक बुरशी मिळाली. तिचे तेव्हाचे नाव सेफॅलोस्पोरियम. तिच्यातून पाझरणारा पदार्थ विषमज्वराच्या जंतूंसह अनेक जीवाणूंची वाढ थांबवत होता. ब्रोत्झूंनी १९४८ मध्ये हे निष्कर्ष एका स्थानिक प्रकाशनात छापले आणि बुरशीचा नमुना ऑक्सफर्डला पाठवला. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी १९५३ मध्ये तिच्यातून ‘सेफॅलोस्पोरिन सी’ वेगळे केले.

या पदार्थाचा जोर तसा बेताचाच होता. पण त्याच्यात एक मोलाचा गुण होता. पेनिसिलिनला तोडून निकामी करणारे विकर काही स्टॅफिलोकॉकस जीवाणू तयार करू लागले होते आणि रुग्णालयांत त्यांनी उच्छाद मांडला होता. सेफॅलोस्पोरिन सी त्या विकरापुढे टिकून राहत होते. पुढे त्याचा गाभा सुटा करता आला, त्याला नव्या बाजूसाखळ्या जोडता आल्या आणि १९६४ मध्ये सेफॅलोथिन हे या गटातले पहिले औषध बाजारात आले.

हा गाभा समजून घेणे अवघड नाही. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन या दोघांतही चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. जीवाणूची भिंत विणणारी विकरे या कड्याला फसून त्याच्याशी कायमची जोडली जातात. भिंत अर्धवट राहते आणि जीवाणू फुटतो. पेनिसिलिनमध्ये या कड्याला पाच अणूंचे दुसरे कडे चिकटलेले असते, सेफॅलोस्पोरिनमध्ये सहा अणूंचे. सहा अणूंच्या कड्यामुळे बाजूसाखळ्या लावायला दोन सोयीच्या जागा मिळतात. रसायनशास्त्रज्ञ त्यांना ७ आणि ३ हे क्रमांक देतात. ढोबळपणे सांगायचे तर ७ क्रमांकाच्या साखळीवर औषध कोणत्या जीवाणूंवर चालेल हे अवलंबून असते आणि ३ क्रमांकाच्या साखळीवर ते शरीरात कसे वागेल हे. या दोन जागा ध्यानात ठेवल्या, की तक्त्यातल्या बऱ्याच ओळी आपोआप उलगडतात. वाचकांनीही त्या ध्यानात ठेवाव्यात.

पुण्याच्या विद्यार्थ्यांना याची उदाहरणे घराजवळच मिळतात. पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पेनिसिलिनची बाजूसाखळी कापून गाभा मोकळा करणाऱ्या पेनिसिलिन अ‍ॅसायलेज या विकरांवर पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ काम झाले. त्यांतल्या एका विकराची त्रिमितीय रचना तिथल्या आणि इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी मिळून १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. साखळी कापणे आणि नवी जोडणे, हाच या साऱ्या उद्योगाचा पाया आहे. सेफॅलेक्सिन हे पोटात घ्यायचे औषध तर पेनिसिलिनच्याच पाच अणूंच्या कड्याचे सहा अणूंचे कडे करून बनवतात. दोन घराण्यांचे नाते इतके जवळचे आहे. पाठात मात्र ती शेजारशेजारच्या दोन प्रकरणांत एकमेकांना अनोळखी असल्यासारखी बसलेली दिसतात.

‘पिढी’ हा शब्द काय करतो

आता तक्त्याच्या पहिल्या रकान्याकडे वळू. सेफॅझोलिन, सेफॅलेक्सिन ही पहिली पिढी, सेफ्युरॉक्झिम दुसरी, सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन, सेफ्टाझिडिम, सेफिक्झिम तिसरी, सेफेपिम चौथी, सेफ्टारोलिन पाचवी. पिढी म्हटले की आपल्या मनात काय येते? पुढची पिढी अधिक शिकलेली, अधिक समर्थ. संगणकांच्या पिढ्या तशाच आणि मोबाइलचे फोर-जी, फाइव्ह-जीही तसेच. नवे आले की जुने टाकून द्यायचे. विद्यार्थिनी हाच अर्थ सोबत घेऊन रुग्णालयात जाते. ‘तिसऱ्या पिढीचे इंजेक्शन’ म्हणजे ‘भारी इंजेक्शन’, हे समीकरण मग रुग्णाच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचते आणि तेही भारी इंजेक्शनाची मागणी करू लागतात.

प्रत्यक्षात काय आहे? पहिल्या पिढीची औषधे स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूंवर उत्तम चालतात. ग्रॅम निगेटिव्ह जीवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असते. त्यातून आत शिरता यावे आणि त्यांच्या विकरांपुढे टिकता यावे म्हणून ७ क्रमांकाची साखळी बदलण्यात आली. त्यातून तिसरी पिढी आली. पण या बदलाची किंमत मोजावी लागली, कारण स्टॅफिलोकॉकसवरचा जोर कमी झाला. सेफ्टाझिडिमच्या बाबतीत तर तो बराच कमी झाला. तिसऱ्या पिढीतही सगळे सारखे नाहीत. स्यूडोमोनास या चिवट जीवाणूवर सेफ्टाझिडिम चालते, सेफ्ट्रायाक्झोन चालत नाही. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर पहिल्यापासून चौथीपर्यंतची कोणतीही पिढी उपयोगी पडत नाही. त्यासाठी पाचवीच लागते.

म्हणजे पिढी ही शिडी नव्हे. सुताराच्या पेटीत करवत, पटाशी आणि रंधा असतो. रंधा शेवटी घेतला म्हणून तो करवतीपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. शस्त्रक्रियेच्या जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून छेद घेण्यापूर्वीच्या तासाभरात द्यायचे प्रतिजैविक म्हणून आजही बहुतेक शस्त्रक्रियांसाठी पहिल्या पिढीच्या सेफॅझोलिनचीच शिफारस होते. कातडीवरचा स्टॅफिलोकॉकस हा तिथला मुख्य शत्रू असतो, हे त्यामागचे साधे कारण.

चूक केवळ शब्दाची असती तर आम्ही ती सोडून दिली असती. पण ‘भारी’ समजून तिसऱ्या पिढीची औषधे सढळ हाताने वापरली गेली, तसे त्यांना तोडणारी विकरे असलेले जीवाणू पसरत गेले. अशा विकरांच्या एका मोठ्या कुटुंबाचे नावच सीटीएक्स-एम आहे. सीटीएक्स हे सेफोटॅक्झिमवरून आणि एम हे म्युनिक शहरावरून, कारण १९९० च्या सुमारास त्याची पहिली ओळख तिथे पटली. याच कुटुंबातील आणि आज जगभर पसरलेले सीटीएक्स-एम-१५ हे विकर १९९९ साली नवी दिल्लीत गोळा केलेल्या जीवाणूंमध्ये प्रथम सापडले. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे झाले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला आहे.

वर्गीकरणाची दुसरी, अधिक शहाणपणाची रीत उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये प्रतिजैविकांचे ‘अ‍ॅक्सेस’, ‘वॉच’ आणि ‘रिझर्व्ह’ असे तीन गट केले. पहिल्या गटातली औषधे नेहमीच्या आजारांत आधी वापरायची, दुसऱ्यातली जपून आणि तिसऱ्यातली अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची. सेफॅझोलिन आणि सेफॅलेक्सिन पहिल्या गटात आहेत, सेफ्ट्रायाक्झोन आणि सेफिक्झिम दुसऱ्यात, सेफ्टारोलिन तिसऱ्यात. आपल्या देशातही १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘शेड्यूल एच-१’मध्ये तिसऱ्या पिढीतील अनेक सेफॅलोस्पोरिन आहेत. ती विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत नोंद करायची आणि ती वही तीन वर्षे जपायची असते. ‘किती नवे?’ या प्रश्नाऐवजी ‘कशासाठी आणि केव्हा?’ हा प्रश्न या गटवारीने पुढे आणला. पिढ्यांच्या रकान्याशेजारी एवढी एक उभी रेघ मारली, तरी विद्यार्थिनीच्या मनातले चित्र बदलेल.

‘दहा टक्के’ कुठून आले

दुष्परिणामांच्या रकान्यात एक आकडा हमखास असतो. पेनिसिलिनचे वावडे म्हणजे अ‍ॅलर्जी असलेल्या रुग्णांपैकी दहा टक्क्यांना सेफॅलोस्पोरिनचेही वावडे असते, असे तो सांगतो. हा आकडा १९६० आणि १९७० च्या दशकांतील निरीक्षणांवरून आला. तेव्हाच्या सेफॅलोस्पोरिनच्या नमुन्यांत पेनिसिलिनचा अंश मिसळलेला असे. शिवाय सेफॅलोथिनसारख्या आरंभीच्या औषधांची ७ क्रमांकाची साखळी पेनिसिलिनच्या साखळीसारखीच होती.

आज आपल्याला माहीत आहे की शरीर बहुधा त्या साखळीला ओळखते. अ‍ॅम्पिसिलिन आणि सेफॅलेक्सिन यांची साखळी एकच आहे. अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि सेफॅड्रॉक्सिल यांचीही एकच. म्हणून या जोड्यांत सावध राहिले पाहिजे. सेफॅझोलिनची साखळी मात्र कोणाशीच जुळत नाही. सगळा गट एकत्र धरला तरी आजचा अंदाज साधारण एक-दोन टक्क्यांचा आहे. त्यातही ज्यांच्या केस पेपरवर ‘पेनिसिलिनचे वावडे’ असा शिक्का असतो, त्यांची नीट तपासणी केली तर दहापैकी नऊजणांना खरे वावडे नसते. लहानपणी अंगावर पुरळ उठले आणि शिक्का बसला, एवढेच झालेले असते.

हा शिक्का निरुपद्रवी नाही. त्याच्यामुळे रुग्णाला योग्य आणि स्वस्त औषधाऐवजी अधिक व्यापक, अधिक महाग आणि कधी अधिक विषारी औषध दिले जाते. म्हणून ‘वावडे आहे का?’ एवढे विचारून हो-नाहीवर खूण करणे पुरेसे नाही. काय झाले होते, औषध घेतल्यावर किती वेळाने झाले, किती वर्षांपूर्वी झाले, नुसती खाज सुटली की श्वास कोंडला, कातडी सोलवटली होती का, हे विचारून लिहून ठेवणे हे खरे काम आहे आणि ते परिचारिकेइतके चांगले कोणी करू शकत नाही. पूर्वी गंभीर प्रतिक्रिया आलेल्या रुग्णाबाबत निर्णय डॉक्टरांचाच. पण तो निर्णय परिचारिकेने लिहिलेल्या चार ओळींवर उभा असतो.

आपल्याकडे रूढ असलेल्या ‘टेस्ट डोस’बद्दलही पाठात कारण सापडत नाही. पूर्वी कधी त्रास न झालेल्या माणसाच्या कातडीत थोडेसे सेफॅलोस्पोरिन टोचून पुढचे भाकीत करण्याची या चाचणीची ताकद फार थोडी आहे. चाचणी कोरी आली म्हणून निर्धास्त राहणे धोक्याचे. इंजेक्शननंतर रुग्णावर नजर ठेवणे आणि अ‍ॅड्रिनालिन हाताशी असणे हेच खरे संरक्षण आहे.

कर्तव्ये : हुकूम आणि कारणे

शेवटच्या रकान्यात हुकमांची यादी असते. ‘सेफ्ट्रायाक्झोन कॅल्शियमबरोबर देऊ नये.’ का? शिक्षकांच्या हाती याचे उत्तर आठवी-नववीपासून आहे. कठीण पाण्यात साबणाला फेस येत नाही, साका बनतो. तो कॅल्शियमचा न विरघळणारा क्षार असतो. सेफ्ट्रायाक्झोनचेही कॅल्शियमशी तसेच होते आणि हा साका बादलीत न बसता रक्तवाहिनीत किंवा फुप्फुसात बसतो. नवजात बालकांचे मृत्यू यामुळे झालेले आहेत. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल किंवा द्यावे लागणार असेल, तर सेफ्ट्रायाक्झोन वर्ज्यच. मोठ्यांमध्ये दोन्ही एकाच नळीतून एकाच वेळी द्यायची नाहीत. एकामागून एक देताना मध्ये नळी धुऊन घ्यायची. आता खरी परीक्षा पाहा. वॉर्डात ज्याला ‘आरएल’ म्हणतात त्या रिंगर लॅक्टेटच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘कॅल्शियम’ असे लिहिलेले नसते, पण आत कॅल्शियम असतेच. नुसता हुकूम पाठ केलेली मुलगी इथे चुकू शकते. कारण कळलेली मुलगी बाटलीवरचे घटक वाचते.

‘मद्य टाळावे’ ही दुसरी ओळ. ती सगळ्या गटाला सरसकट लावलेली असते. वास्तविक हा त्रास मुख्यतः सेफोपेराझोनसारख्या ज्या औषधांत ३ क्रमांकाच्या जागी एक विशिष्ट गंधकयुक्त साखळी आहे, त्यांच्यात होतो. ती साखळी यकृतातल्या विकराला अडवते, अ‍ॅसिटाल्डिहाइड साठते आणि माणूस लालबुंद होऊन ओकतो. तीच साखळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या कामातही अडथळा आणते, त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. तक्त्यात ‘मद्य’ आणि ‘रक्तस्राव’ या ओळी एकमेकींपासून लांब पडलेल्या असतात. कारणाच्या रकान्यात त्या एकाच ओळीत आल्या असत्या आणि एक पाठांतर वाचले असते.

तिसरी ओळ वेळेची. ही औषधे रक्तात किती उंच चढतात यापेक्षा आवश्यक पातळीच्या वर किती वेळ टिकतात यावर त्यांचे यश ठरते. सेफोटॅक्झिमची रक्तातील मात्रा तासाभरात निम्मी होते, म्हणून ते सहा-आठ तासांनी द्यावे लागते. सेफ्ट्रायाक्झोनला निम्मे व्हायला सहा ते नऊ तास लागतात, म्हणून ते बहुधा दिवसातून एकदा पुरते. आता ‘दर आठ तासांनी’ याचा अर्थ ‘दिवसातून तीनदा’ असा लावून सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ अशा वेळा ठेवल्या, तर रात्री बारा तासांची फट पडते. तीन डोस बरोबर दिले गेले, नोंदही बरोबर झाली आणि पहाटे जीवाणूंना मोकळे रान मिळाले. वर्गात आलेखाच्या कागदावर दर तासाला निम्मी होणारी रेघ काढून पाहिली तर ही फट डोळ्यांनी दिसते. अर्धायुकाल शिकवायला किरणोत्सारी मूलद्रव्येच हवीत असे नाही.

याच यादीत ‘पहिल्या डोसआधी कल्चरसाठी रक्त घ्यावे’ ही ओळ कधी असते, कधी नसते. औषध एकदा रक्तात गेले की जीवाणू सापडणे कठीण होते आणि मग नेमके कोणते औषध लागू पडेल हे अंधारात ठरवावे लागते. अर्थात अत्यवस्थ रुग्णाचा डोस त्यासाठी अडवून ठेवायचा नसतो. हा तोल सांभाळायलाही कारण माहीत असावे लागते.

तक्त्याच्या बाजूने

तक्ता करणाऱ्यांची बाजूही पाहिली पाहिजे. अभ्यासक्रम मोठा, वेळ थोडा आणि परीक्षेत प्रश्न येतो तो ‘वर्गीकरण लिहा’ असा. औषध परिचारिकेने निवडायचे नसते, डॉक्टरांनी निवडायचे असते. मग तिला रेणूच्या साखळ्या कशाला, असेही कोणी म्हणेल. यातला पहिला मुद्दा आम्हांला मान्य आहे. दुसरा मुद्दा उलटा आहे असे आम्हांला वाटते. औषध लिहिणारा हात आणि शरीरात जाणारी सुई यांच्यामध्ये शेवटचा माणूस परिचारिका असते. बाटलीत कॅल्शियम आहे, कागदावर सेफॅलेक्सिन आहे आणि रुग्णाला अ‍ॅम्पिसिलिनने श्वास कोंडला होता, या गोष्टी एकत्र दिसतात त्या तिला. तिने थांबून विचारावे अशी आपली अपेक्षा असेल, तर थांबण्याचे कारण तिला शिकवलेले असले पाहिजे. नुसत्या हुकमांवर वाढलेल्या माणसाकडून शंका विचारण्याची अपेक्षा करता येत नाही.

म्हणून आमची सूचना अगदी लहान आहे. तक्ता राहू द्यावा. त्यात ‘का?’ हा एक रकाना वाढवावा आणि तो विद्यार्थिनींनी स्वतः भरावा. काही घरे कोरी राहतील, राहू द्यावीत. पुढे वाचन वाढेल तशी ती भरतील. आणि परीक्षेत ‘सेफॅलोस्पोरिनचे पिढीनुसार वर्गीकरण लिहा’ या प्रश्नाच्या जागी कधीतरी असा प्रश्न यावा : ‘रुग्णाला आरएल चालू आहे. सेफ्ट्रायाक्झोन द्यायचे आहे. तुम्ही काय कराल, आणि का?’